चौदाव्या धड्यावर

४ जून
मंडळातल्या सहाही घरांना

घरी शिकवणाऱ्या आईबापांनो,

तुम्हाला आणि मला एकच प्रश्न विचारून लोकांनी पिडलंय. जिन्यात शेजारीण विचारते, बँकेच्या रांगेत अनोळखी माणूस विचारतो, दाताचा डॉक्टर तर आपल्या तोंडात चिमटा घातल्यावरच विचारतो, म्हणजे उत्तर देता येऊ नये: "बाकी ठीक आहे हो, पण व्याकरणाचं काय?" जसं काही गणित आणि इतिहास पोरं झाडावरून तोडून आणतात, आणि व्याकरण तेवढं शाळेच्या तिजोरीत कुलूपबंद आहे! हा प्रश्न ऐकून ऐकून आपण बिथरलोय. आणि बिथरलेला माणूस काय करतो? दुकानात जाऊन पुस्तक आणतो.

आपल्या सहा घरांत मिळून नऊ ते तेरा वर्षांची अकरा मुलं आहेत. त्यांच्यासाठी व्याकरणाचा एकच अभ्यासक्रम निवडायचं गेल्या बैठकीत ठरलं. माझ्या टेबलावर तीन येऊन पडलेत. पहिला म्हणजे चोवीस पातळ वह्यांचा संच. प्रत्येक वहीत मागचंच पुन्हा, रवंथ केल्यासारखं. दुसरा उशीएवढा जाड ग्रंथ. त्यातली माणसं पुस्तक वाचण्यापलीकडे काही करत नाहीत: मुलगा पुस्तक वाचतो, मुलगी पुस्तक वाचते, बाबांनी पुस्तक वाचले. असल्या घरात कुणाला भूकसुद्धा लागत नसणार.

आणि तिसरा. 'आपलं आपण व्याकरण', छत्तीस धडे. पानाच्या उजवीकडे प्रश्न, डावीकडे उत्तरं. उत्तरांवर पुठ्ठ्याची पट्टी ठेवायची, प्रश्न सोडवायचा, पट्टी एक ओळ खाली सरकवायची आणि आपण चुकलो का ते बघायचं. शिकवायला कुणी नको, तपासायला कुणी नको. वर छापलंय, घरात कुणी नसलं तरी चालेल.

कुणी नसलं तरी चालेल! अहो, आपण मुलांना शाळेतून काढलं कशासाठी? चाळीस पोरांत त्यांच्याकडे बघायला कुणाला सवड नव्हती म्हणून. मग त्या चाळिसांतून उचलून त्यांना एकेकटं बसवायचं आणि पुठ्ठ्याच्या तुकड्याला बाई म्हणायचं? माझ्या घरी व्याकरण टेबलाशी होतं, तोंडानं. आज सकाळी जे खरोखर घडलं त्याचं एकानं एक वाक्य करायचं, बाकीच्यांनी ते कांद्यासारखं सोलायचं. कुणी केलं, काय केलं, कुणाला केलं, केव्हा केलं. भाषा ही माणसानं माणसाला द्यायची वस्तू आहे. ती पट्टीखाली सापडत नाही.

तेव्हा तिसऱ्या पुस्तकाला माझा विरोध आहे. आपला नियम जुन्यांना ठाऊकच आहे, नव्या घरांसाठी पुन्हा सांगते. ज्याचा विरोध सगळ्यांत मोठा, पुस्तकाची चाचणी त्याच्याच घरी. तिथं टिकलं तर कुठंही टिकेल. हे पुस्तक कुणाला हवं असेल तर त्यानं नाव पुढं करावं.

तुम्ही पाठीमागे जिला भोंगा म्हणता, ती


११ जून

जाऊबाई,

परिपत्रक पोचलं. बंदराच्या फाटकावरचा रखवालदार पाकीट देताना म्हणाला, "क्रेनवाली, सरकारी दिसतंय. जाड आहे." मी म्हटलं, सरकारीच समजा, आमच्या घरातलं सरकार आहे.

ते तिसरं पुस्तक मला हवंय. नाव पुढं केलं.

का हवंय ते तुम्हाला पुरतं माहीत आहे, तरी परिपत्रकात त्याचा एक शब्द नाही, म्हणून मी लिहिते. दोन वर्षांपूर्वी टिटवीचे बाबा गेले, मला इथं नोकरी लागली आणि पोरीला तुमच्याकडे ठेवावं लागलं. निघताना स्टेशनावर तुम्ही चारचौघांत म्हणालात (दोघींत बोलणं तुम्हाला कधी जमलंय?) की, "आपला अभ्यास आपण करायला लागली की घेऊन जा, मी अडवणार नाही." टाळ्या पडायच्याच बाकी होत्या.

आता सप्टेंबरपासून मला कामगार वसाहतीत खोली मिळतेय. तिसरा मजला, दोन खिडक्या, एक ओटा, दाराला आतून भक्कम कडी. मी दिवसभर चाळीस फुटांवर काचेच्या खोक्यात बसून जहाजांवरचे डबे उतरवत असते. मुलीला शिकवायला खाली येणार कोण? गणित ती एकटी करते. इतिहास, विज्ञान वाचून काढते. एक व्याकरण तेवढं तुम्ही आपल्या जिभेला बांधून ठेवलंय, आणि त्याच दोरीनं माझी मुलगी.

पुस्तक निराळ्या टपालानं पाठवलंय. पट्टी मी बुटाच्या खोक्याची कापली आहे. नियम तुमचा, घर तुमचं, मुलगी माझी. बारा आठवड्यांत छत्तीस धडे तिनं एकटीनं पुरे केले की दुसऱ्या दिवशी मी दारात.

धाकटी


१९ जून

धाकटे,

पुस्तक आलं. उंटावरून शेळ्या हाकणारे ऐकले होते, तू तर क्रेनवरून मुलगी वाढवायला निघालीस.

स्टेशनावर मी काय म्हणाले ते मला आठवतं, आणि मी शब्द फिरवत नाही. पण 'आपला अभ्यास आपण करणं' आणि 'कडी लावून एकटं बसणं' या दोन गोष्टी एक आहेत असं तुला वाटत असेल, तर व्याकरणाची गरज टिटवीला नाही, तुला आहे.

तरी नियम म्हणजे नियम. टिटवीला बोलावून सगळं सांगितलं. "हे पुस्तक तू एकटीनं करायचंस. मी मदत करणार नाही, काका करणार नाहीत, ताई-दादा करणार नाहीत. संपवलंस तर आईकडे जायचं." ती म्हणाली, "आणि नाही संपलं तर?" म्हटलं, "तर माझ्याकडे शिकायचं, पंधरा वर्षांची होईपर्यंत." तू ओरडशील, ओरड. अट एकतर्फी नसते.

२२ जूनला सुरुवात, १४ सप्टेंबरला शेवट. धडा झाला की त्याच्या डोक्यावर ती बरोबरची खूण करील. दर शनिवारी मी शेवटची खूण तेवढी बघीन, बाकी पान उघडणार नाही, आणि आकडा तुला कार्डावर कळवीन. तिला मागच्या पडवीत बाक दिलाय. उजेड आहे, वारा आहे. माणूस नाही. तुझ्या पुस्तकाला माणूस चालत नाही ना!

हे घड्याळाच्या पोटात डोकं घालून बसलेत. तुझं पत्र वाचून दाखवलं तर म्हणाले, "दोघींचंही बरोबर आहे." असल्या माणसाबरोबर मी वीस वर्षं काढली, मला पट्टीचं काय भय दाखवतेस?

थोरली


१६ जुलै

जाऊबाई,

पहिल्या शनिवारी पाच. दुसऱ्या शनिवारी दहा. तिसऱ्या शनिवारी चौदा. तिन्ही कार्डं मी वर केबिनमध्ये काचेला चिकटवली आहेत. बंदरात नऊ क्रेन आहेत, एकीलाही असलं तोरण नाही.

या चालीनं ऑगस्टच्या मध्यावर पुस्तक संपतं. महिनाभर आधी! 'भाषा ही माणसानं माणसाला द्यायची वस्तू आहे' हे तुमचं वाक्य मी इथल्या बायकांना वाचून दाखवलं. आमची वजनकाटेवाली म्हणाली, "बाई छान बोलतात. पण काटा काही वेगळंच सांगतो."

तुमचं तिसऱ्या शनिवारचं कार्ड फार आखूड होतं. आकडा आणि सही. एवढ्या तेवढ्यावर पानं भरणाऱ्या बाईला शब्द सुचू नयेत? घसा बसला असेल तर गरम पाण्याच्या गुळण्या करा. पुढच्या शनिवारी एकोणिसाचं कार्ड येऊ द्या, मी जागा मोकळी ठेवली आहे.

टिटवीच्या अंगाचे कपडे आखूड झाले असतील. माप कळवा. ते तरी नियमात बसतं ना?

धाकटी


१० ऑगस्ट

धाकटे,

चौदा. चौदा. चौदा. चौदा. तुझ्या काचेला पुरेशी कार्डं झाली असतील.

चार शनिवार झाले, खूण जागची हललेली नाही. पोरगी रोज सकाळी न चुकता पडवीत जाऊन बसते, दोन तास पुस्तकावर वाकलेली असते आणि बाहेर येते तेव्हा चौदावा धडा चौदावाच असतो. मी विचारलं, "अडतंय का कुठं?" म्हणाली, "हो." "काय अडतंय?" तर म्हणाली, "तू विचारायचं नाहीस. नियम आहे." माझ्याच घरात मला माझाच नियम!

हेच मी जूनमध्ये ओरडून सांगत होते. मूल अडलं की पट्टी काय करते? खाली सरकते. मुलाच्या कपाळावरची आठी तिला दिसत नाही, 'थांब, परत सांगते' असं तिला म्हणता येत नाही. बहिऱ्यापुढे गाऱ्हाणं घालावं तसं ते लेकरू चार आठवडे त्या पुस्तकापुढे बसलंय. माझा जीव तुटतो. तुझा तुटतो का ते विचारत नाही, तेवढ्या उंचीवर ऐकू येत नसेल.

मुदत संपायची मी वाट बघणार नाही. 'पुस्तक चाचणीत नापास' असं परिपत्रक परवाच इतर पाच घरांना गेलं. पोरीला त्या बाकावरून उठवून मी सोमवारपासून टेबलाशी घेतेय. १५ सप्टेंबरची रजा काढली असशील तर रद्द करून टाक.

माप सोबत आहे. चार बोटं वाढली आहे.

थोरली


१४ ऑगस्ट

जाऊबाई,

मुदत १४ सप्टेंबरची. तिला बाकावरून उठवलंत तर मी उद्या येते आणि मुलीला पुस्तकासकट, बाकासकट घेऊन जाते. मग मंडळाला काय ते परिपत्रक काढू दे.

आता ऐका. ही गोष्ट मी सांगणार नव्हते, कारण तुम्ही हसाल. त्या पुस्तकाची दुसरी प्रत माझ्याकडे आहे. जूनपासून मी ते इथं वर सोडवतेय. जहाज धक्क्याला लागायची वाट बघत अर्धा अर्धा तास नुसतं बसावं लागतं, तेव्हा पट्टी सरकवते. मी सातवीत शाळा सोडलेली बाई. नववा धडा मला चार दिवस पुरला. एकविसाव्यात मी रडले. पण चौदावा? चौदावा धडा त्या पुस्तकातला सगळ्यांत सोपा आहे, जाऊबाई. एक जहाज लागेपर्यंत मी तो दोनदा केला. माझी मुलगी चौदाव्यावर अडत नाही. अडूच शकत नाही.

मग तिला अडवलंय कोणी? पान उघडणार नाही म्हणालात, पण तोंड उघडणार नाही असं कुठं म्हणाला होतात? दिवसातून दहादा तिच्या कानावर घातलं असेल की आईकडे खोली आहे आणि खोलीला कडी आहे. बाई, सभेतली हजार माणसं तुम्ही अर्ध्या तासात फिरवता. अकरा वर्षांची पोर काय चीज आहे?

आणि त्या थोर टेबलाबद्दल. तुम्ही मंगळवारी व्याख्यानांना बाहेर पडता आणि शुक्रवारी परतता, वर्षातले सात महिने. तेव्हा त्या टेबलाशी कोण असतं? भावजी तर घड्याळाच्या पोटात. माझं पुस्तक घरात माणूस नसलं तरी चालतं असं छापून सांगतं तरी. तुमचा अभ्यासक्रम तेच छापत नाही, एवढाच फरक. लोकां सांगे ब्रह्मज्ञान!

माझ्या मुलीला काय केलंत ते लिहून कळवा.

धाकटी


२३ ऑगस्ट

धाकटे,

तुझं पत्र मला सतराला मिळालं. पोरगी बाकावरच आहे, उठवलं नाही. सहा दिवस उत्तर दिलं नाही. का, ते पुढं येईल.

आधी भांडण. मंगळवार ते शुक्रवार मी कुठं असते हे मोजायचा अधिकार तुला कुणी दिला? झोंबलं, हे मात्र मान्य करते. आणि कडीबद्दल टिटवीशी मी अवाक्षर काढलेलं नाही. माझ्यात हजार खोडी असतील, पोरीच्या कानात विष ओतायची त्यात नाही.

तरीही 'चौदावा सगळ्यांत सोपा आहे' हे तुझं वाक्य डोक्यातून जाईना. सातवी शिकलेली तू दोनदा करतेस आणि जी पोर माझं वाक्य माझ्या तोंडातच सोलते ती महिनाभर अडते? त्याच दुपारी ती अंघोळीला गेली तेव्हा मी पडवीत जाऊन नियम मोडला आणि पुस्तक उघडलं.

पंधरा ते छत्तीस, सगळे धडे कोरे. कोरे, पण कागदाला लव आलेली. खिडकीकडे धरलं तर पेन्सिलीचे वळ दिसत होते, एकावर एक. शेवटचं पान इतकं झिजलंय की मागे धरलेलं बोट दिसतं. तुझ्या पट्टीची कड पार कुरतडल्यासारखी झालेली, तिच्याखाली घड्याळाच्या खोक्यातून कापलेल्या आणखी दोन पट्ट्या.

मी ह्यांना हाक मारली. हे बघून म्हणाले, "हो ना. महिनाभर पडवीतला खोडरबराचा चुरा मीच झाडतोय."

"मग बोलला का नाहीत?"

"विचारलं का नाहीस?"

टिटवी ओल्या केसांनी दारात उभी होती. मी पुस्तक तिच्यापुढं धरलं.

"हे काय आहे, टिटवे?"

"खोडलंय."

"कितीदा?"

"तीनदा सगळं झालं. चौथ्यांदा अठ्ठाविसावर आहे. रोजचं रोज खोडते."

"आणि मला दाखवायला चौदा?"

"निम्म्याच्या आत थांबलं की कुणाला आशा वाटत नाही."

अकरा वर्षांची आहे ही! मी म्हटलं, "तुला आईकडे जायचं नाही का?"

तिनं माझ्याकडे असं बघितलं, जसं मी टेबलाशी मठ्ठ उत्तरं देणाऱ्या पोरांकडे बघते. म्हणाली, "जायचंय. पण पुस्तक संपल्यावरच नेणार ना? मग तिथं गेल्यावर मी आणि पुस्तक. आणि पुस्तक तर संपलेलं."

आता जे लिहिते ते लिहायला मला सहा दिवस लागले. तिचं बोलणं ऐकून मला आनंद झाला. मी म्हटलं, "मग राहा की इथंच," आणि माझा आवाज मलाच ओळखू आला, सभा जिंकल्यावर लागतो तो. पोरगी म्हणाली, "इथं तरी काय? तू मंगळवारी जातेस. मग आम्ही तिघं टेबलाशी बसतो आणि तू असल्यासारखं करतो. ताई तुझा आवाज काढते. दादा टाळ्या वाजवतो. मी वाक्य सोलते."

त्याच दिवशी मी तुला एक पत्र लिहिलं होतं. त्यात एवढंच होतं: 'तुझ्याकडे यायचं तिला भय वाटतं, म्हणून ती मुद्दाम संपवत नव्हती.' अक्षर अन् अक्षर खरं आणि सगळं मिळून खोटं. पाकीट चिकटवलं, तिकीट लावलं, कोपऱ्यावरच्या पेटीपर्यंत गेले. परत आणून फाडलं. हे तुझ्यासाठी केलेलं नाही. व्यासपीठावरून आजवर मी अर्धी वाक्यं फेकली असतील, पण घरात फेकली की ती पोरांना लागतात.

काय केलंत ते लिहून कळवा म्हणालीस. कळवलं.

थोरली


२८ ऑगस्ट

जाऊबाई,

तुमचं पत्र मी वर नेलं होतं. वाचलं तेव्हा खाली तारेला वीस फुटी डबा टांगलेला, त्याखाली ट्रकवाला हॉर्न मारतोय, धक्क्यावरचा मुकादम हातवारे करतोय. दोन वर्षांत पहिल्यांदा माझा हात दांड्यावर थिजला. "क्रेनवाली, झोपलीस का?" असं तो कर्ण्यातून ओरडला तेव्हा भानावर आले.

सहा दिवस! माझ्या मुलीनं तोंडानं सांगितलेली गोष्ट तुम्ही सहा दिवस पदराखाली ठेवलीत आणि वर ते पत्र परत आणून फाडल्याचं कौतुक माझ्याकडून हवंय? नाही मिळायचं. आधी पाच घरांना 'पुस्तक नापास' म्हणून कळवलंत, ते कसं निस्तरणार ते तुम्ही बघा.

पण जिंकलात. तीन वेळा पुरं करून तीन वेळा खोडलं तिनं. मी एकविसाव्यात रडत बसले होते आणि ती छत्तिसाव्यावरून परत फिरत होती, माझ्याकडे यायला लागू नये म्हणून. पाळी बदलून द्या म्हणून मुकादमाकडे गेले होते. तो म्हणाला, पुढच्या वर्षी बघू. खोलीची किल्ली काल मिळाली. दार उघडून बघितलं आणि लावून घेतलं.

ठेवा तुम्हीच. तुमच्याकडे ताई आहे, दादा आहे, चुरा झाडणारे काका आहेत. तुमचा आवाज तर तुम्ही नसतानाही आहे. माझ्याकडे कडी आहे. पंधरा वर्षांची होईपर्यंत म्हणालात ना? ठीक आहे. काढा परिपत्रक, 'आईनं माघार घेतली'. ठळक अक्षरात छापा.

यापुढं शनिवारची कार्डं नकोत.

धाकटी


१ सप्टेंबर

धाकटे,

असलं दान मला नको.

तुला धड हरताही येत नाही. मी इतकी वर्षं लोकांशी भांडतेय, समोरचा निम्म्यात उठून 'तुमचंच खरं' म्हणत निघून गेला की माझ्या अंगाची आग होते. पोरगी म्हणजे काय जहाजावरचा डबा, की या धक्क्यावर नको तर त्या धक्क्यावर ठेवा? माघार कसली घेतेस? तुला माघार घ्यायला कुणी सांगितलं? टिटवीनं? तिनं तर नाही सांगितलं. तू माझं पत्र वाचलंस आणि त्यातलं तुला सगळ्यांत जास्त बोचणारं तेवढं उचललंस. 'जायचंय' असं ती म्हणाली. मी ते लिहिलं होतं. परत वाच. मला ते लिहिताना किती जड गेलं असेल याचा विचार करत वाच.

पाच घरांचं निस्तरलंय. काल परिपत्रक गेलं. 'पुस्तक उत्तम आहे. मुलानं एकट्यानं तीनदा पुरं केलं. माझा आधीचा निकाल चूक होता, तो मागे घेते. मंडळानं हेच पुस्तक घ्यावं.' खाली सही केली तेव्हा हे भिंग डोळ्याला लावून बघायला आले, सही माझीच आहे का म्हणून. एक ओळ मात्र मी जोडली: हे पुस्तक करणाऱ्या मुलाशेजारी दिवसाकाठी एक तास कुणीतरी बसावं. शिकवायला नको, नुसतं बसावं. तुला हा माझा पराभव वाटेल. वाटू दे. व्याख्यानं मी चारावरून दोन दिवसांवर आणली आहेत, त्याहून कमी करणार नाही, आणि करते असं खोटं लिहिणार नाही.

तुझ्याबद्दलचं माझं मत जागच्या जागी आहे. तू हट्टी आहेस, तिरकस आहेस, मदत मागायची वेळ आली की तुझी जीभ टाळ्याला चिकटते. पण चाळीस फुटांवर बसून, सातवी शिकलेली, मुलीच्या मागोमाग तेच पुस्तक धड्याधड्यानं सोडवत जाणाऱ्या बाईनं 'माझ्याकडे कडी आहे' एवढंच स्वतःबद्दल लिहावं, याला मी खोटेपणा म्हणते. ते मी टिटवीला सांगितलं. विचारलं नाही तुला. सांगितलं की आईकडे याच पुस्तकाची दुसरी प्रत आहे आणि ती एकविसाव्यात रडली. पोरीनं आधी पुस्तकात एकविसावा काढून बघितला. मग म्हणाली, "एकविसावा अवघड नाहीये. तिला पट्टी नीट धरता येत नसेल." आणि मग म्हणाली:

"आई खाली किती वाजता येते?"

मला सांगता आलं नाही. तुझी सगळी पत्रं काढली. चाळीस फूट आहे, दोन खिडक्या आहेत, ओटा आहे, वजनकाटेवालीचा टोमणा आहे, माझ्या सात महिन्यांचा हिशेब आहे. तू खाली केव्हा उतरतेस, ते कुठंच नाही. हे म्हणाले, "चारला उतरत असेल." टिटवी त्यांच्यावर उसळली, "असेल काय, काका? लिहिलंय का?" गेली दोन वर्षं ती धरून चाललीय की तू वरच असतेस. सकाळी वर, दुपारी वर, जेवायला वर. खोलीत तिच्या डोळ्यांपुढं कडी आहे, पुस्तक आहे, आणि छतापलीकडे कुठंतरी तू.

मी विचारलं, "चारला येत असली तर?"

"तर जाईन."

"आणि सहाला?"

"सहाला असेल तर विचार करीन. पण तिनं सांगायला पाहिजे."

आपण दोघींनी जूनपासून एवढा कागद खर्च केला, धाकटे. तिच्यावरून भांडलो, तिच्यावरून अटी घातल्या, तिला जिंकलं, तिला हरलो, तिला दान केलं. तिच्या नावानं एक चिठ्ठी आली नाही. तू पुस्तक पाठवलंस, पट्टी पाठवलीस, ओळ नाही पाठवलीस. मी समोर असून विचारलं नाही, तू लांब असून लिहिलं नाहीस. कुणाचा गुन्हा मोठा यावर मी तुझ्याशी जन्मभर भांडायला तयार आहे. पण नंतर.

आता या पत्राला उत्तर देऊ नकोस. मला शिव्या द्यायच्या असतील तर त्या साठव, मी कुठं पळून जात नाही. एक कार्ड घे. त्यावर माझं नाही, तिचं नाव घाल. तू किती वाजता खाली उतरतेस ते लिही. खरी वेळ लिही, तिला आवडेल ती नको. आणि उद्या सकाळी वर चढायच्या आधी ते पेटीत टाक.

थोरली